नकाशावर तीन तास, या दारापासून त्या दारापर्यंत सत्तावीस

वाचकाचं पत्र:

"आम्ही मुलुंडला राहतो. डिसेंबरच्या शेवटी मिस्टरांना रजा मिळतेय, मागचे-पुढचे सुट्टीचे दिवस धरून नऊ दिवस होतात. जाणारे चौघं: आम्ही दोघं, नववीतली लेक आणि ७६ वर्षांचे सासरे. सासऱ्यांना एकदा सावरकरांची कोठडी डोळ्यांनी बघायची आहे, गेली दहा वर्षं ते म्हणताहेत. लेकीला लक्षद्वीपचं निळं पाणी बघायचंय, वर्षभर ती मोबाइलवर तेच फोटो साठवतेय. मिस्टरांनी इंटरनेटवर दोन्हीकडच्या विमानतळांची नावं टाकून अंतर काढलं. अगत्ती ते पोर्ट ब्लेअर २,२४० किलोमीटर, विमानाला ३ तास २० मिनिटं. त्यांचं म्हणणं, चार दिवस लक्षद्वीप, मग सकाळचं तीन तासांचं विमान, चार दिवस अंदमान, झालं काम. एक एजंट 'करून देतो' म्हणाला, दुसऱ्यानं परत फोनच केला नाही. हे खरंच जमेल का? आणि जमणार नसेल तर दोघांपैकी कोणाला नाही म्हणू?
एक वाचक, मुलुंड (पूर्व)"

ताई,

नऊ दिवसांत दोन्ही जमणार नाही. या डिसेंबरात अंदमानला जा. लक्षद्वीप लेकीची दहावी झाल्यावर, वेगळं करा. आता कारणं सविस्तर सांगते. नुसतं 'नाही' ऐकून तुमच्या घरातलं कोणी गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. दोघांच्याही इच्छा मनापासूनच्या आहेत.

एक गोष्ट आधी. मिस्टरांचा आकडा बरोबर आहे, त्यांना कोणी गणित चुकलं म्हणू नका. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण २,२४० किलोमीटरच भरतं. मोठं जेट विमान ताशी आठशेच्या आसपास चालतं, त्यात उड्डाण आणि उतरणीचा अर्धा तास मिळवला की तीन तास वीस मिनिटं येतात. वेबसाइटनं भागाकार करून दाखवला. त्या रेघेवरून कुठलं विमान जातं का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. अगत्तीहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही.

आमच्याकडे मुलांच्या शाळेच्या वेळचा एक पृथ्वीगोल आहे. तुमचं पत्र वाचल्यावर तो माळ्यावरून काढला, पुसला, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. अगत्ती त्यावर छापलेलंच नाही. कोचीच्या पश्चिमेला समुद्रात टिंबांची एक रांग आहे, तिथं दोऱ्याचं एक टोक अंगठ्यानं दाबलं आणि दुसरं पोर्ट ब्लेअरवर ताणून धरलं. दोरा कोझिकोडच्या जरा खालून केरळात शिरतो, तमिळनाडू आडवा कापतो, चिदंबरमच्या आसपास किनारा सोडतो, आणि पुढे चौदाशे किलोमीटर नुसता बंगालचा उपसागर. मग तोच दोरा मुंबईवर ठेवून पोर्ट ब्लेअरला लावला. जवळजवळ तेवढाच भरला. मुंबई ते पोर्ट ब्लेअर सुमारे २,२९० किलोमीटर आहे.

यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अगत्ती मुंबईच्या थेट दक्षिणेला आहे, जवळपास त्याच रेखांशावर. तिथं जाताना आपण अरबी समुद्रात सव्वानऊशे किलोमीटर खाली उतरतो, पण पूर्वेकडे जराही सरकत नाही. म्हणजे लक्षद्वीपला पोचून तुम्ही अंदमानच्या वाटेवर नसता. मुंबईत होतात तेवढ्याच लांब असता, वर मुंबईसारखा विमानतळही हाताशी नसतो. 'दोन्ही बेटंच, एकाला लागून दुसरं करून टाकू' हा विचार नकाशावर टिकत नाही.

आता खरा रस्ता मोजू. अगत्ती ते कोची साधारण ४६५ किलोमीटर, पंख्याच्या छोट्या विमानानं सव्वा ते दीड तास. कोची ते चेन्नई सव्वापाचशेच्या आत, तोही सव्वा तास. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर १,३७० किलोमीटर, सव्वादोन तासांच्या आगेमागे. बेरीज येते सुमारे २,३५० किलोमीटर, म्हणजे सरळ रेघेपेक्षा शंभर-सव्वाशे किलोमीटरच जास्त. हवेतला वेळ पाच तास. इथवर मिस्टर म्हणतील, मग बिघडलं कुठे?

बिघडतं ते जमिनीवर. समजा अगत्तीचं विमान अकराला सुटलं. त्यासाठी आठला खोली सोडायची. साडेबाराला कोची. तिथं सामान ताब्यात घ्यायचं, बाहेर यायचं, दुसऱ्या तिकिटावर पुन्हा आत जायचं, पुन्हा तपासणी. या दोन विमानांत चार तासांपेक्षा कमी अंतर मी कोणाला सुचवत नाही, का ते पुढे सांगते. चेन्नईला पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा. पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं सकाळी-दुपारी उतरतात, त्यामुळे चेन्नईत मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून सासऱ्यांना तयार करायचं, टॅक्सी, विमान, आणि अकराच्या सुमारास पोर्ट ब्लेअरच्या खोलीची किल्ली हातात. या दारापासून त्या दारापर्यंत सत्तावीस तास. त्यातले पाच हवेत, बाकीचे रांगेत, खुर्चीवर आणि एका अनोळखी हॉटेलात.

आपल्या मुंबईत याचा नमुना रोज बघायला मिळतो. वर्सोव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की मढ समोर दिसतं, फेरीबोटीत बसलं की पाच मिनिटांत पोचतो. बोट बंद असली की तेच मढ मालाडवरून वळसा घालून वीसेक किलोमीटर लांब जातं. मधे किती पाणी आहे याला काही अर्थ उरत नाही, त्या पाण्यावर काय चालतं ते बघायचं. बेटांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे, कारण बेटं एकमेकांना बांधलेली नसतात. प्रत्येक बेटाचा दोर आपापल्या किनाऱ्याला असतो. डाळ, तांदूळ, गॅस, औषधं, शाळेची पुस्तकं, आजारी माणसं, सगळी ये-जा त्या एका दोरानं. लक्षद्वीपचा दोर कोचीला आहे. अंदमानचा चेन्नई आणि कोलकात्याला. अगत्तीच्या माणसाला पोर्ट ब्लेअरला रोजचं काय काम असणार? काम नाही म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून विमान नाही.

शिवाय अगत्तीच्या विमानतळाची स्वतःची अडचण आहे. बेट सात-साडेसात किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं. त्याच्या दक्षिण टोकाला धावपट्टी, तीही जेमतेम १,२०० मीटरची. आपल्या मुंबईची मोठी धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटरची आहे. एवढ्याशा जागेत एअरबस-बोइंग उतरत नाहीत. तिथं एटीआरसारखी सत्तर-बहात्तर आसनांची पंख्याची विमानं जातात, ती ताशी पाचशेच्या आसपास चालतात. धावपट्टी आखूड, हवा उष्ण, म्हणून त्यांनाही वजन राखून उडावं लागतं. सामानाची मर्यादा कमी असते ती याचमुळे. वेबसाइटनं ताशी आठशेचा वेग धरला होता, तो या बेटावर उतरूच शकणाऱ्या विमानाचा नाही. असलं विमान थेट पोर्ट ब्लेअरला जातं असं धरलं तरी साडेचार-पाच तास लागले असते, आणि एवढ्या लांबच्या पल्ल्याला ते अगत्तीहून भरून उडवताच येत नाही.

चार तासांचं अंतर ठेवा म्हणते त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी आईबाबांना घेऊन अगत्तीला निघाले होते. तेव्हा मी फोर्टमधल्या एका कचेरीत तिकिटांचंच काम करायचे, म्हणजे मला हे कळायला हवं होतं. मुंबई ते कोची एक तिकीट, कोची ते अगत्ती दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट, मधे एक तास पन्नास मिनिटं. कागदावर भरपूर वाटलं. मुंबईत आमचं विमान दार लावून पन्नास मिनिटं रांगेत उभं राहिलं. कोचीत सामानाच्या पट्ट्यावर बाबांची बॅग शेवटची आली. धावत दुसऱ्या खिडकीशी गेलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. विमान काचेतून दिसत होतं, शिडी लावलेली होती, पण आत घेईनात. तिकिटं वेगळी असल्यामुळे पहिली कंपनी म्हणाली आमचा संबंध नाही, दुसरी म्हणाली तुम्ही आला नाहीत. पुढच्या जागा दोन दिवसांनंतरच्या. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, त्याच्यावरच्या तारखा तोवर चालू होत्या म्हणून निभावलं. आई काही बोलली नाही. तिनं पिशवीतून डबा काढला, तिखटमिठाच्या पुऱ्या एका रुमालावर ठेवल्या, बाबांना दिल्या, मला दिल्या. तिचा तो न बोललेला चेहरा मला अजून आठवतो. सात दिवसांतले दोन दिवस आम्ही कोचीत काढले, आणि पुन्हा अगत्तीला जायचा योग दोघांच्या नशिबात नव्हता.

मुंबईहून निघणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपल्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला विमानं रांगेत उभी राहतात, उतरणारी वरती घिरट्या घालतात. तिकिटावरचा वेळ हा विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबलं तिथपर्यंतचा असतो, त्यात या रांगेचा अंदाज धरलेला असतो. अंतराच्या वेबसाइटवर तो नसतो. त्यामुळे वेबसाइटचे दोन तास आणि तिकिटावरचे अडीच तास यांत कोणी खोटं बोलत नाही. दौरा मात्र तिकिटावरच्या वेळेवरच आखायचा.

अशीच पत्रं परदेशी बेटांबद्दलही येतात, त्या वाचकांसाठी थोडक्यात. मॉरिशस आणि रियुनियन यांच्यात सुमारे २३० किलोमीटर आहेत, विमान पाऊण तासात पोचतं, पण रियुनियन हा फ्रान्सचा भाग आहे आणि शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, येत नाही. पॅरिससाठी काढलेला व्हिसा तिथं आपोआप चालत नाही. मॉरिशस आणि सेशेल्सचं माहे ही शेजारची बेटं वाटतात, मधे साडेसतराशे किलोमीटर आहेत. कोलंबो ते माले पावणेआठशे किलोमीटर, पण मालदीवचं घड्याळ अर्धा तास मागे असतं, आणि मालेपासून पुढच्या रिसॉर्टवर नेणारी पाण्यावरची विमानं फक्त उजेडातच उडतात. दुपारी उशिरा मालेला उतरलात तर समुद्रातलं ते घर समोर असूनही रात्र विमानतळाजवळ काढावी लागते. या सगळ्यांत अंतर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी कामाचं.

अंदमानला घड्याळ आपलंच आहे, सूर्य मात्र आपला नाही. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या वीस अंश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य तिथं साधारण एक तास वीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. डिसेंबरअखेर मुंबईत सव्वासहा वाजत आले तरी उजेड असतो. तिथं पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि सकाळी साडेपाच-पावणेसहालाच उगवतो. मुंबईच्या सवयीनं नऊला नाश्ता, अकराला बाहेर असं केलंत तर निम्मा दिवस गेलेला असतो. सासरे बहुधा पहाटेच उठत असतील, त्यांचं वेळापत्रक सगळ्यांनी पाळा. लेक कुरकुरेल, पण सहा वाजताचा समुद्र बघितल्यावर थांबेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. कोणाला नाही म्हणायचं?

सासरे ७६ वर्षांचे आहेत. सेल्युलर जेलमध्ये आज सातपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, तिथं जिने चढून जावं लागतं. १९११ ते १९२१ ही दहा वर्षं ते त्या तुरुंगात होते, आणि थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते. तुमच्या सासऱ्यांना हे सगळं पाठ असणार. त्यांना ते वाचायचं नाही, तिथं उभं राहायचं आहे. आज त्यांचे गुडघे ते जिने चढतात. दोन वर्षांनी चढतील का, हे कोणी सांगू शकत नाही. लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राचं, पाणी लेकीला सोळाव्या वर्षीही तितकंच निळं दिसेल. मला यात तोलायला फार काही दिसत नाही.

पण लेकीला 'आजोबांसाठी तुझं रद्द केलं' असं सांगू नका, कारण ते खरं नाही. रद्द होतेय ती सत्तावीस तासांची ओढाताण. तिला दोऱ्याचा हिशेब दाखवा. नववीतल्या मुलीला अक्षांश-रेखांश येतात, तिला तो आवडेल. आणि निळं पाणी तिला याच दौऱ्यात मिळणार आहे. स्वराज द्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक, तिथला एलिफंट बीच प्रवाळासाठी प्रसिद्ध आहे. शहीद द्वीप म्हणजे जुनं नील, तिथल्या भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उथळ, काचेसारखं पाणी असतं. लक्षद्वीपचं लगून निराळंच, ते मी नाकारत नाही. तिथं सगळं बेटच प्रवाळाचं, डोंगर नाही, टेकडी नाही, माडाच्या उंचीवर काहीच नाही. अंदमान हे पाण्यात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे आहेत, जंगल थेट समुद्रापर्यंत उतरतं. एकात दुसऱ्याची नक्कल शोधू नये, एवढं तिला आधी सांगून ठेवा.

तिला दोन बेटं हवी असतील तर ही घ्या, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला बोटीनं दोन-अडीच तास, तिथून शहीद द्वीप साधारण एक तास. एकाच द्वीपसमूहातली बेटं रोजच्या बोटींनी जोडलेली असतात, तिथं 'एक करून दुसरं' हा मिस्टरांचा हिशेब अगदी बरोबर बसतो.

नऊ दिवस मी असे लावले असते. पहिल्या दिवशी पहाटेचं विमान. मुलुंडहून पहाटे तीनला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड मोकळा मिळतो, सकाळी नऊला त्याच रस्त्यावर दीड तास जाऊ शकतो. मुंबईहून थेट विमान मिळालं तर उत्तम, नाही तर चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकाता मार्गे जा. पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. पहिलं विमान चुकलं तर पुढचं देणं मग कंपनीवर येतं, आणि सामानही थेट पोर्ट ब्लेअरला जातं. त्यासाठी हजार-दोन हजार जास्त पडले तरी द्या. तिकीट काढतानाच सासऱ्यांसाठी व्हीलचेअर नोंदवा. ते 'मला कशाला' म्हणतील. मोठ्या विमानतळावरचं चालणंच एक-दीड किलोमीटर होतं, आणि ती ताकद जेलच्या जिन्यासाठी ठेवायची आहे असं सांगा, ऐकतील. त्यांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

त्या दिवशी पोचल्यावर काहीच करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जेल, आणि त्याआधी हॉटेलात विचारून बंद असण्याचा वार-दिवस तपासून घ्या. संध्याकाळी तिथंच प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम असतो, त्याची तिकिटं आधी काढा, नाताळच्या गर्दीत मिळत नाहीत. सासऱ्यांना कोठडीशी घाई करू नका. फोटो नंतर काढा. तिसऱ्या दिवशी स्वराज द्वीप, तीन रात्री. राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्त तिथला बघायचा, पण पावणेपाचला जागेवर हवं. मग शहीद द्वीप, एक किंवा दोन रात्री. आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच. याबाबतीत एजंटचं अजिबात ऐकू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि 'सकाळची बोट, दुपारचं विमान' असा बेत करणारे रडत परत येतात. डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळ उठू शकतं, म्हणून एक मोकळा दिवस हाताशी ठेवायचाच. भारतीयांना पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप यांसाठी परवाना लागत नाही. निकोबार आणि आदिवासी राखीव भाग पर्यटकांना बंद आहेत, तिथं नेतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तिकिटावर 'श्री विजयपुरम' दिसलं तर गोंधळू नका, सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव बदललं आहे.

लक्षद्वीपसाठी लेकीची दहावीची परीक्षा संपल्यावर एप्रिलची सुरुवात धरा. मेच्या मध्यानंतर पावसाळ्याचा समुद्र सुरू होतो, मग बोटींचं काही खरं नसतं. तिथं भारतीयांनाही परवाना लागतो, तो ठरावीक बेटांसाठी आणि ठरावीक तारखांसाठी मिळतो. त्यामुळे परवान्याआधी न परत होणारी तिकिटं काढू नका. मुंबईहून कोचीमार्गे गेलं तर दीड हजार किलोमीटर पडतात. अलीकडे गोवा आणि बेंगळुरूहूनही अगत्तीची विमानं सुरू झाली, तेव्हा त्या वेळी काय चालू आहे ते बघा. कोचीहून जहाजही जातं, चौदा ते अठरा तास लागतात, आणि तरुण मुलीला ती रात्र विमानापेक्षा जास्त लक्षात राहील. कोचीत मात्र एक मुक्काम धरूनच निघा, जाताना.

'करून देतो' म्हणणाऱ्या एजंटकडे मिस्टरांना एकदा पाठवा आणि एवढंच विचारायला सांगा: अगत्तीहून निघालेल्या रात्री आम्ही कुठल्या गावात झोपणार? त्याच्याकडे गावाचं नाव नसेल तर पैसे देऊ नका.

आणि मुंबई–पोर्ट ब्लेअरची तिकिटं या आठवड्यातच बघा, डिसेंबरअखेरचे दर रोज चढतात. चौघांत खिडकीच्या दोन जागा मागून घ्या, एक सासऱ्यांना, एक लेकीला. दोन तास नुसतं पाणी दिसल्यावर विमान खाली येऊ लागतं आणि हिरवी बेटं दिसायला लागतात. त्या वेळी दोघांपैकी कोणी मधल्या खुर्चीत नको.